नेपाळचा राष्ट्रध्वज
दोन त्रिकोणी पताका एकावर एक जोडून बनलेला, जगातील एकमेव चौकोनी नसलेला राष्ट्रध्वज (पहा : ध्वज). सध्याचे रूप १६ डिसेंबर १९६२ रोजी संविधानासह स्वीकृत. त्या वेळी सूर्य-चंद्रांवरील मानवी मुखे वगळली. किरमिजी रंग लाली गुरांस या राष्ट्रीय फुलाचा, निळी किनार शांततेची. वर चंद्रकोर, खाली बारा किरणांचा सूर्य : राष्ट्र आचंद्रार्क टिकावे, हा आशय. पताकांचा अर्थ कोणी हिमालयाची शिखरे, तर कोणी हिंदू व बौद्ध धर्म असा लावतात. आकृती काढण्याची कृती संविधानाच्या अनुसूचीतच दिली आहे : कापडावर तळरेषा आखून डाव्या टोकाकडून तिच्याहून एक तृतीयांशाने अधिक लांबीची उभी रेषा काढायची, किनार सर्वांत शेवटी (पहा : नेपाळ, भारताचा राष्ट्रध्वज).