भरावभूमी : नोंदी व तपासणी

घरगुती व तत्सम घनकचरा थराथरांनी पसरून, दाबून व मातीने झाकून ज्या जागी कायमचा गाडला जातो, तिला भरावभूमी म्हणतात. एकदा झाकलेला कचरा पुन्हा डोळ्यांनी तपासता येत नाही. तेथे काय आले, ते कोठे पुरले आणि पुढे त्याचे काय झाले, हे कळण्याचे मुख्य साधन म्हणजे त्या त्या वेळी केलेली लेखी नोंद होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशी नोंद देशभर सक्तीची होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

कॅलिफोर्निया राज्यातील फ्रेझ्नो शहराची १९३७ मध्ये सुरू झालेली भरावभूमी ही त्या देशातील आधुनिक पद्धतीची आद्य भरावभूमी मानतात. चर खणून त्यांत कचरा यंत्राने दाबावयाचा व तो रोज मातीने झाकावयाचा, ही पद्धत शहराचे बांधकाम अधिकारी जीन व्हिन्सेंझ यांनी तेथे रूढ केली. उघड्या उकिरड्यावरील उंदीर, माश्या व आगी यांना तीमुळे आळा बसला. परंतु चरांच्या तळाशी अस्तर नव्हते. ही भरावभूमी १९८७ मध्ये बंद झाली, तोवर मिथेन वायू तिच्या हद्दीबाहेर पसरला होता आणि भूजलात व्हिनिल क्लोराइडासारखी द्रव्ये आढळली होती. १९८९ मध्ये तिचा समावेश प्राधान्याने साफ करावयाच्या दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाला आणि २००१ मध्ये तीच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. असा दुहेरी मान क्वचितच एखाद्या जागेच्या वाट्यास येतो.

नोंद असूनही ती योग्य माणसापर्यंत पोहोचली नाही, तर काय होते हे नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉल प्रकरणात दिसले. एका अपुऱ्या राहिलेल्या कालव्यात १९४२–५३ या काळात सु. २१,००० टन रासायनिक टाकाऊ द्रव्ये पुरण्यात आली. १९५३ मध्ये ही जमीन एक डॉलर किंमतीस शाळा मंडळाला विकली गेली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेख होता. मात्र पुढे लगतच्या जागांवर घरे घेणाऱ्या अनेकांना त्याची वार्ताही नव्हती. १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली.

१९६५ च्या घनकचरा विल्हेवाट अधिनियमाचा भर संशोधन व साहाय्य यांवर होता. १९७६ च्या अधिनियमाने उघडे उकिरडे निषिद्ध ठरविले. १९८४ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि तीनुसार ऑक्टोबर १९९१ मध्ये नगर-भरावभूमींचे सविस्तर निकष प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेक ऑक्टोबर १९९३ पासून लागू झाले. या निकषांप्रमाणे प्रत्येक भरावभूमीचे दप्तर तेथेच किंवा जवळपास ठेवावे लागते. जागेच्या निवडीचे पुरावे, वायू व भूजल यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष, बंद करण्याचा आराखडा, त्यानंतरच्या देखभालीचा खर्च व त्यासाठीची आर्थिक तरतूद ही त्यातील प्रमुख कागदपत्रे होत. धोकादायक कचरा शिरू नये म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी काही यादृच्छिक रीतीने निवडून तपासावयाच्या, त्याची नोंद ठेवावयाची व असा कचरा सापडल्यास राज्याच्या अधिकाऱ्यास कळवावयाचे, असेही बंधन आहे. दिवसाचे काम संपताच सु. १५ सेंमी. मातीचा थर द्यावा लागतो.

मुदतींचे महत्त्व येथे विशेष आहे. मिथेनाची तपासणी किमान दर तीन महिन्यांनी करावयाची असून मर्यादा ओलांडली गेल्यास सात दिवसांत वायूचे प्रमाण व योजलेले उपाय दप्तरात लिहावे लागतात. भूजलातील द्रव्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय वाढ दिसल्यास ही मुदत चौदा दिवसांची आहे. हे दप्तर चालक स्वतःच लिहितो. ज्याचा दोष उघड व्हावयाचा, त्याच्याच हाती लेखणी, ही या पद्धतीची उणीव खरी. तथापि तारखांनी बांधलेल्या वहीतील कोरी जागा हाही पुरावाच ठरतो. तपासणी अधिकारी वर्षातील मोजक्याच दिवशी येतो. उरलेल्या दिवसांविषयी त्याला विचारता येते ते या वहीलाच. परवाने व तपासणी हे मुख्यतः राज्यांचे काम असल्याने तिची काटेकोर छाननी कितपत होते, हे राज्याराज्यांवर अवलंबून राहते. नागरिकांनाही न्यायालयात दावा लावण्याची मुभा आहे. बंद झाल्यावर देखभाल व चाचण्या सामान्यतः तीस वर्षे चालू ठेवाव्या लागतात. लव्ह कॅनॉलसारखे अज्ञान पुन्हा घडू नये, अशी तरतूदही निकषांत आढळते : जमीन भरावासाठी वापरली गेल्याची टीप मालमत्तेच्या दस्तातच घालावी लागते.

भारतात २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांनी भरावभूमीवर कचरा-तपासणीची सोय व नोंदींसाठी कार्यालय असावे, असे सांगितले आणि बंद झाल्यानंतरच्या देखभालीसाठी किमान पंधरा वर्षांची मुदत घातली. मुंबईतील देवनारची क्षेपणभूमी त्यापूर्वी सु. सात दशके वापरात होती. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागून अनेक दिवस शहरावर धूर पसरला, तेव्हा विझवावयाचे होते ते बहुतांशी या नियमांच्या आधीपासून साचत आलेल्या ढिगांत.