शुल्क ते बार फाइन

देहसंगाचा मोबदला किती असावा आणि तो कोणाच्या हाती पडावा, या प्रश्नाची जुनी उत्तरे धर्माच्या किंवा नीतीच्या प्रकरणांत शोधायला गेलो तर आपण रिकाम्या हाताने परत येतो. ती सापडतात व्यवहाराच्या प्रकरणांत. गुप्तकाळाच्या आसपास सिद्ध झालेल्या नारदस्मृतीत अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे ‘वेतनस्यानपाकर्म’, म्हणजे ठरलेली मजुरी न देणे. चाकराची मजुरी, ओझी वाहणाऱ्याची हमाली, गुराख्याचा वाटा, घराचे भाडे यांचे तंटे तिथे सोडवले आहेत, आणि त्याच रांगेत पण्यस्त्रीचे शुल्कही बसवले आहे. शुल्क घेऊन जी नकार देते तिने दुप्पट परत करावे. उपभोग घेऊन जो पैसे देत नाही तोही दंडास पात्र. ठरल्यापेक्षा वेगळा, अनैसर्गिक संबंध लादणाऱ्याने किंवा अनेकांना तिच्यावर सोडणाऱ्याने तिला आठपट शुल्क द्यावे आणि तेवढाच दंड राजाकडे भरावा. स्मृतिकाराला या स्त्रियांविषयी आदर होता असे यावरून मुळीच म्हणता येणार नाही. पण तिचे काम काम आहे आणि बुडवलेले पैसे ही बुडवलेली मजुरी आहे, एवढे त्याने फारशी चर्चा न करता गृहीत धरले. पुढची दीड हजार वर्षे हे गृहीत हरवलेलेच राहिले.

नारदाच्याही मागे कौटिल्य आहे. ‘अर्थशास्त्रा’ची हस्तलिखित प्रत 1905 साली म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्रींच्या हाती आली आणि 1909 मध्ये मूळ ग्रंथ छापून निघाला, तेव्हा विद्वानांना सर्वांत चक्रावून टाकणाऱ्या प्रकरणांपैकी एक गणिकाध्यक्षाचे होते. राज्याने नेमलेल्या या अधिकाऱ्याने प्रत्येक गणिकेचे शुल्क, मिळकत, खर्च आणि पुढची प्राप्ती वहीत मांडायची. गणिकेला हजार पण, म्हणजे तेव्हाची नाणी, देऊन कामाला लावायचे. तिला मोकळे व्हायचे असेल तर निष्क्रयाची रक्कम चोवीस हजार पण. स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्या रूपाजीवेने दरमहा दोन वेळच्या शुल्काइतकी रक्कम सरकारजमा करायची. गणिकेचे दागिने किंवा शुल्क लुबाडणाऱ्याला आठपट दंड आहे, तिच्या इच्छेविरुद्ध बळजोरी करणाऱ्यालाही जबर दंड आहे. इथवर वाचून आपण कौटिल्याला कामगारांचा कैवारी म्हणायच्या बेतात असतो, तेवढ्यात पुढचे कलम समोर येते: राजाने सांगितलेल्या पुरुषाकडे जी गणिका जाणार नाही तिला हजार फटके, नाहीतर पाच हजार पण दंड. तिचा पैसा सुरक्षित होता. नकार सुरक्षित होता तो राजाखेरीज इतरांपुरता. या विषयातली खरी मेख तेव्हापासून इथेच आहे, असे मला वाटते. दर योग्य की अयोग्य हे रकमेवरून पुरते कळत नाही. ती नाही म्हणू शकते का, आणि मिळालेल्यातले तिच्या गाठीला काय उरते, हेही विचारावे लागते.

वात्स्यायनाने हे दुसऱ्या बाजूने, म्हणजे स्त्रीच्या बाजूने पाहिले. ‘कामसूत्रा’चे वैशिक अधिकरण मुळात पाटलिपुत्राच्या गणिकांच्या विनंतीवरून दत्तकाने रचलेल्या ग्रंथावर उभे आहे, असे तो स्वतःच सांगतो. गिऱ्हाइकाऐवजी सेवा देणारीसाठी लिहिलेला असा ग्रंथ जगाच्या वाङ्मयात विरळा. वस्तू देणारा पुरुष बरा की रोकड देणारा, यावर आधीच्या आचार्यांची मते नोंदवून वात्स्यायन रोकडीच्या, म्हणजे सोन्याच्या बाजूने कौल देतो. त्याचे कारण मोठे रोखठोक आहे: सोने परत मागता येत नाही आणि बाकी सगळी कामे त्याच्यावरच चालतात.

यानंतर वाटेत आपल्याला प्रवासी भेटू लागतात. 1443 साली तैमूरी शाहरुखाचा वकील अब्दुर रझ्झाक विजयनगरात होता. टांकसाळीसमोर कोतवालीची कचेरी, तिच्या हाताखाली बारा हजार शिपाई, आणि त्यांचा रोजचा बारा हजार पणमांचा पगार कलावंतिणींच्या वस्तीच्या करातून निघतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. आकडा गोळाबेरजेचा असेल, पण जे चक्र त्याने टिपले ते खरे वाटते: बाईच्या कमाईवर पहारेकऱ्याचे पोट, आणि पहारा तिच्यावरच. 1687 साली चौदाव्या लुईचा वकील सिमॉन द ला लूबेर सयामच्या अयुथ्थया राजधानीत पोचला. तिथे राजाला कर भरून हा धंदा चालवण्याचा अधिकार मिळवलेल्या एका पदवीधारी इसमाची नोंद त्याने केली. त्याच्या ताब्यात म्हणे सहाशे स्त्रिया होत्या. कर राजाला, नफा मक्तेदाराला. स्त्रियांना काय मिळत असे, हे विचारावे असे त्या चौकस फ्रेंच माणसालाही सुचले नाही.

एकोणिसाव्या शतकात गिऱ्हाईकच सरकारी झाले. 1864 च्या छावणी कायद्याने आणि 1868 च्या संसर्गजन्य रोग कायद्याने हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींसाठी नोंदवलेल्या स्त्रियांचे ‘लाल बाजार’ आणि ‘चकले’ नियमात आणले. तपासणी सक्तीची होती आणि आजार निघाला तर रवानगी गुप्तरोगांच्या ‘लॉक हॉस्पिटला’त. 1886 च्या जूनमध्ये क्वार्टरमास्टर जनरलच्या कचेरीतून निघालेल्या परिपत्रकात पलटणींसाठी पुरेशा संख्येने आणि पुरेशा आकर्षक स्त्रिया ठेवाव्यात अशी सूचना होती. ते विलायतेत फुटल्यावर गदारोळ झाला आणि 1888 मध्ये कायदा मागे घेतला गेला. व्यवहारात तो कितपत मागे गेला, हे पाहायला एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रिया 1891-92 च्या हिवाळ्यात छावण्या धुंडाळत फिरल्या. चकल्यातला दर लष्करी प्रथेने ठरलेला आणि इतका हलका होता की शिपायाला खिशातून काही गेल्यासारखे वाटू नये, असे त्यांनी लिहिले. दूरदेशाहून आलेला पुरुष, त्याच्या सोयीसाठी दुसऱ्याच कोणी ठरवलेला दर, त्याच्या आरोग्यासाठी तिची तपासणी: पुढे ज्याला सेक्स टुरिझम म्हटले गेले त्याचा आराखडा इथे तयार दिसतो. फक्त तिकिटाचे पैसे राणी सरकार भरत होते.

मुंबईत बंदरावरच्या खलाशांनी आणि गिरण्यांकडे एकट्याने आलेल्या गावाकडच्या पुरुषांनी कामाठीपुरा वाढवला, आणि तिथे मोबदल्याचे हत्यार झाले ‘उचल’. गावी कोणाला तरी दिलेली रक्कम मुलीच्या नावावर चढे. मग लुगडे, खाट, औषध, सगळे त्याच खात्यावर. वही घरवालीकडे, त्यामुळे कर्ज फिटल्याचे कळण्याची सोयच नाही. 1917 साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात पळून जाऊ पाहणाऱ्या स्त्रीला हाल करून मारण्यात आले, तो खटला गाजला आणि त्याच्या पाठोपाठ 1923 चा मुंबई कायदा आला. स्वतंत्र भारताने 1950 च्या मानवी व्यापाराविरुद्धच्या न्यूयॉर्क करारावर सही केली आणि 1956 चा कायदा केला, जो 1986 च्या दुरुस्तीनंतर ‘पिटा’ म्हणून ओळखला जातो. त्यातले चौथे कलम तिच्या कमाईवर जगणाऱ्या कोणाही सज्ञान व्यक्तीला शिक्षा सांगते. लक्ष्य दलाल होते, हे मान्य. पण शब्दांच्या कक्षेत म्हातारी आई आणि अठरा पूर्ण झालेला मुलगाही येतो. जो पैसा नारदाने मजुरी मानला होता, तो आता खाणाऱ्यालाही गुन्हेगार करू लागला.

आता आपल्याला बँकॉकला जायला हवे, कारण आधुनिक पर्यटनाने या जुन्या हिशेबाला जो आकार दिला तो तिथे घडला. सयामने 1908 सालीच कायदा करून कुंटणखान्यांना परवाने दिले होते. दारावर हिरवा कंदील टांगायचा, फी भरायची. 1960 मध्ये सरित थनारतच्या लष्करी राजवटीने वेश्याव्यवसाय बेकायदा ठरवला आणि शिक्षा प्रामुख्याने स्त्रीला ठेवली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, 1966 चा मनोरंजनस्थळ कायदा आला आणि बार, नृत्यगृहे, मसाज पार्लर यांना परवाने मिळू लागले. 1967 मध्ये व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या विश्रांती आणि करमणुकीसाठी थायलंडशी करार झाला. पुढच्या दारात बंदी आणि मागच्या दारात परवाना अशा या दोन कायद्यांच्या फटीत ‘बार फाइन’ फोफावला. सैनिकाने, आणि पुढे पर्यटकाने, बारमध्ये नाचणाऱ्या किंवा पेये आणून देणाऱ्या बाईला बाहेर न्यायचे असेल तर आधी बारला ठरावीक रक्कम द्यायची. ती आज कामावर नसेल त्याची ही भरपाई, असे त्याचे समर्थन. बारने देहविक्रय केलेलाच नाही, फक्त एका नोकराच्या गैरहजेरीचे पैसे घेतले! पुढचा सौदा तिचा आणि त्याचा, म्हणजे पकडली गेली तर गुन्हा तिचा. कौटिल्याच्या काळी राजा निदान उघडपणे हिस्सा घेत असे.

1975-76 मध्ये अमेरिकी सैन्य परतले, पण बँकॉकच्या पॅटपाँगचे आणि पटायाचे बार उठले नाहीत. उ-तापाओच्या विमानतळापासून फार लांब नसलेल्या पटायात सैनिकांच्या जागी जर्मन, जपानी, ऑस्ट्रेलियन पर्यटक आले; बँकॉकच्या सोई काउबॉय या गल्लीला तर 1977 मध्ये तिथे बार काढणाऱ्या एका निवृत्त अमेरिकी सैनिकाच्या टोपणनावावरून नाव मिळाले. तोवर दक्षिण कोरियात जपानी पुरुषांच्या ‘किसेंग’ (कोरियन गणिका) सहली सुरू झाल्या होत्या. पैसे जपानातच प्रवास कंपनीकडे भरायचे आणि वाटेतल्या प्रत्येकाने आपला तुकडा काढून घ्यायचा. 1973 च्या अखेरीस सोलच्या विद्यार्थिनी या सहलींविरुद्ध विमानतळावर उभ्या राहिल्या आणि जपानी स्त्रियांनीही त्यांना साथ दिली. सेक्स टुरिझम हा नैतिक प्रश्न म्हणून जगापुढे आला तो तिथून. 1984 च्या जानेवारीत फुकेतमधल्या एका कुंटणखान्याला आग लागली आणि कोंडलेल्या पाच तरुणींचे मृतदेह सापडले. तरीही थायलंडने 1987 हे साल ‘थायलंडला भेट द्या’ म्हणून थाटात साजरे केले. 1998 च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अभ्यासाने थायलंड, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि मलेशिया या चार देशांत या क्षेत्राचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा 2 ते 14 टक्के असल्याचा अंदाज मांडला. हॉटेले, टॅक्सीवाले, दारूवाले, पोलीस, सगळे त्यात आले.

इथून रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा म्हणतो की या मोबदल्याला योग्य दर असूच शकत नाही, देणाराच दोषी. स्वीडनने 1999 मध्ये देहसंग विकत घेणे हा गुन्हा ठरवला, आणि नॉर्वेने 1 जानेवारी 2009 पासून तो नियम परदेशी गेलेल्या आपल्या नागरिकांनाही लावला. दुसरा फाटा बारमधल्याच स्त्रियांनी काढला. 1985 मध्ये बँकॉकच्या पॅटपाँगमध्ये ‘एम्पॉवर’ ही संस्था उभी राहिली आणि तिने सुरुवात केली इंग्रजीच्या वर्गांपासून, कारण ज्याची भाषा येत नाही त्याच्याशी भाव ठरवता येत नाही आणि नकारही नीट देता येत नाही. 2006 मध्ये या स्त्रियांनी चियांग मायमध्ये वर्गणी काढून स्वतःचा ‘कॅन डू’ बार सुरू केला. तिथे कामाचे तास, सुट्ट्या आणि सामाजिक विमा थाई कामगार कायद्याप्रमाणे आहेत. इतर बारमध्ये उशीर झाला, वजन वाढले, महिन्याला ठरवलेली पेये खपली नाहीत म्हणून पगार कापतात. इथे ती कापाकापी नाही.

आपल्याकडे कोलकात्याच्या सोनागाछीत हीच मागणी वेगळ्या वाटेने आली. तिथे ‘छुकरी’ म्हणजे उचलीत अडकलेली मुलगी. ‘अधिया’ म्हणजे आपण शेत अर्धलीने लावतो तशी, अर्धी कमाई मालकिणीला देणारी. 1995 मध्ये या स्त्रियांनी ‘उषा’ ही सहकारी पतसंस्था नोंदवायला घेतली, तेव्हा सहकार कायद्यातली सभासदाच्या सच्चारित्र्याची अट आडवी आली. सरकारला ती अट बाजूला सारावी लागली. सांगलीत 1996 पासून ‘वॅम्प’ या संघटनेच्या स्त्रिया स्वतःची ओळख धंदा करणाऱ्या बायका म्हणूनच देतात आणि पोलिसांशी, सावकाराशी स्वतःच बोलतात. कोविडच्या काळात महाराष्ट्र सरकारने 2020 च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी अशा स्त्रियांना दरमहा पाच हजार रुपये, आणि शाळेत जाणारी मुले असलेल्यांना आणखी अडीच हजार जाहीर केले. बुडालेल्या रोजगाराची सरकारने घेतलेली ही दखल मला लहान वाटत नाही. बेल्जियमने तर 1 डिसेंबर 2024 पासून करारावर काम करणाऱ्या स्त्रियांना निवृत्तिवेतन आणि बाळंतपणाची रजा दिली. शिवाय कोणत्याही गिऱ्हाइकाला किंवा कृतीला नाही म्हटल्यावर कामावरून काढता येणार नाही, असेही लिहून ठेवले. कौटिल्याच्या वहीत नेमके जे कोरे राहिले होते ते हे.

या सगळ्याच्या टोकाला आज आपलाही माणूस उभा आहे. 2023 च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट काढून टाकली आणि मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या पुरुषांच्या टोळक्यांना पटाया महाबळेश्वराइतके हाताशी आले. सहलीच्या बिलात हॉटेल, न्याहारी, कोरल बेटाची बोट आणि अल्काझारचा खेळ वेगवेगळे मांडलेले असतात. उरलेले बारांनी भरलेल्या वॉकिंग स्ट्रीटवर ज्याचे त्याने पाहायचे. नॉर्वेच्या माणसामागे त्याचा कायदा पटायापर्यंत जातो. आपला कायदा, समोरची सज्ञान असेल तर, तिच्याकडे जाणाऱ्याला घरीही सहसा काही विचारत नाही आणि बाहेरही नाही. राहता राहिला प्रश्न घासाघिशीचा, ज्यात आपण स्वतःला तरबेज समजतो. बारमध्ये बार फाइन ठरलेला असतो, तो सहसा कोणी कमी करत नाही. गिऱ्हाईक जो भाव पाडून घेते तो तिच्या वाट्याच्या पैशातला असतो.