दीड इंचाचे भिंग आणि तळणीचे स्टेशन

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एक दुर्बीण आली. ८० मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग, ४०० मिलिमीटर नाभीय अंतर, सोबत दोन नेत्रिका आणि वाऱ्याने थरथरणारी एक हलकी तिवई. भिंगातून प्रकाश वळवून प्रतिमा घडविणारी ही जुन्या कुळातली दुर्बीण. खगोलप्रेमी मंडळी तिला सरळ 'रिफ्रॅक्टर' म्हणतात. एवढ्याच पैशांत आरशाची दुर्बीण बरीच रुंद तोंडाची मिळाली असती, असे जाणकारांनी बजावले होते. तरीही मी भिंगाचीच घेतली, आणि त्याचे कारण शास्त्रीय मुळीच नव्हते. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले ते भिंगातून. जेरेमाया शेकर्लीने १६५१ साली सुरतेला सूर्यबिंबावरून सरकणारा बुध पाहिला तोही भिंगातूनच. साहित्याच्या शिक्षकाला एवढा वंशवृक्ष पुरतो.

पहिल्या रात्री गच्चीवर गेलो. नागपूरचे आकाश आता क्षितिजापासून बरेच वरपर्यंत दुधट असते, पण चंद्राला त्याची पर्वा नाही. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा इतक्या स्पष्ट उमटल्या होत्या की, आजवर चंद्राला दिलेल्या सगळ्या उपमा क्षणभर अडचणीच्या वाटू लागल्या. बिंबाच्या कडेला मात्र जांभळी किनार दिसत होती. निरनिराळ्या रंगांचे किरण एका भिंगातून एकाच बिंदूत येत नाहीत, हा भिंगाचा जन्मजात दोष आहे. दोन जातींच्या काचा एकत्र बसवून तो कमी करण्याच्या युक्तीचे पेटंट लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ साली घेतले. माझ्या दुर्बिणीत तीच युक्ती आहे. पण नळी आखूड असल्याने दोष पुरता जात नाही. शिवाय चित्र डावे-उजवे उलटलेले. नळी इकडे ढकलावी तो चंद्र तिकडे पळतो.

गुरूने जरा निराशा केली. चाळीस पटीला एक लहानसे पांढुरके बिंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार ठिपके. आमची लेक महाविद्यालयात शिकते. तिने डोळा लावला आणि विचारले, "बाबा, एवढासाच?" तिने पाहिलेला गुरू अंतराळयानांच्या छायाचित्रांतला, पट्ट्यापट्ट्यांचा आणि लाल डागाचा. मी काही उत्तर दिले नाही. नेत्रिका बदलून सोळा पटीची लावली आणि नळी कृत्तिकांकडे वळवली. सगळा पुंजका एका दृष्टिक्षेपात मावला, भोवती काळोखाची ऐसपैस किनार ठेवून. चाळीस पटीला हेच कृत्तिका तुकड्यातुकड्यांनी दिसतात. जवळून दिसतात, पण कृत्तिका म्हणून दिसत नाहीत. बराच वेळ ती काही बोलली नाही.

आखूड नळीचे आणि लहान भिंगाचे सामर्थ्य हेच: ते थोडे मोठे करून पुष्कळ दाखवते. हे ध्यानात आल्यावर मला आठवण झाली ती एका जुन्या प्रसंगाची. त्याची जागा नागपूरपासून फार दूर नाही. मुंबईकडे जाताना वर्धा सोडली की पुलगाव येते, मग वर्धा नदीचा पूल, आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यात तळणी नावाचे लहानसे स्टेशन. मी त्यावरून कितीदा गेलो असेन याची गणती नाही. गाडी तिथे थांबेल अशी अपेक्षाही कधी केली नाही.

शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर उतरली आणि भर दुपारी सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, वर्धा असा प्रवास करीत ईशान्येकडे बक्सरपर्यंत व तिच्याही पुढे गेली. हिवाळ्यातले कोरडे आकाश आणि सावलीचा पट्टा जागोजागी छेदणारी रेल्वे, असा योग युरोपातल्या वेधकर्त्यांना क्वचितच लाभला असेल. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर आले, 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी घेऊन. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आले. त्यांच्या कॅमेऱ्याची लांबी होती ४० फूट! त्याच जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला आपली तुकडी घेऊन होते. पुलगावला न्यूअल आणि कॅप्टन हिल्स होते. आणि नदीच्या अलीकडे, तळणीला, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी खगोल-अभ्यासकांच्या संस्थेची एक लहान तुकडी उतरली. तिच्यात वॉल्टर माँडर होते, जॉन एव्हरशेड होते, आणि वॉल्टर यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या.

ॲनीबाईंबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जन्म १८६८, आयर्लंडमधला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणिताचा अभ्यास. १८९१ पासून त्या ग्रीनिचच्या राजवेधशाळेत 'संगणक' होत्या. आकडेमोड करणाऱ्या माणसाला तेव्हा हा शब्द लावीत. पगार महिना चार पौंड. १८९५ साली वॉल्टर यांच्याशी लग्न झाले आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही या नियमानुसार ती चार पौंडांची नोकरीही गेली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ साली त्यांना सदस्यत्व नाकारले होते. ते मिळायला १९१६ उजाडावे लागले. म्हणजे तळणीच्या माळावर उभ्या असलेल्या या बाईंपाशी पद नव्हते, वेधशाळा नव्हती, सरकारी उपकरणही नव्हते. होता तो त्यांचा स्वतःचा एक कॅमेरा. भिंगाचा व्यास दीड इंच, म्हणजे माझ्या गच्चीवरच्या भिंगाच्या निम्म्याहूनही कमी, आणि नाभीय अंतर वीतभराच्या आसपास.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. एवढ्या वेळात या लहान भिंगाने सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला एक लांबच लांब किरण टिपला. त्याची लांबी सुमारे ६० लाख मैल भरली. सूर्याच्या व्यासाच्या जवळपास सातपट. तोवर प्रभामंडळाचा इतका लांब किरण कोणाच्याही छायाचित्रात आलेला नव्हता.

हे कसे घडले? चाळीस फुटी कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा मोठी पडते, कडेलगतच्या ज्वाळा आणि कमानी बारकाव्यांनिशी दिसतात. पण प्रतिमा जितकी मोठी, तितका तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो आणि क्षीण भाग काचेवर उमटेनासा होतो. शिवाय एवढा दूरवरचा पसारा त्या चौकटीत मावतही नाही. आखूड भिंगात प्रतिमा लहान, पण प्रकाश एकवटलेला आणि चौकट ऐसपैस. यात कॅम्बेल यांच्या कॅमेऱ्याला उणे लेखण्याचे कारण नाही, त्याचे प्रश्नच निराळे होते. ॲनीबाईंचा प्रश्न होता, प्रभामंडळ संपते कुठे? प्रश्नाच्या मापाचे भिंग त्यांनी निवडले होते. एखाद्या कवितेचा शब्दन् शब्द तपासणारे समीक्षक आणि एका वाङ्मयीन कालखंडाचा आवाका घेणारे समीक्षक यांच्यातला जुना वाद इथे कुणाला आठवला तर मला दोष देऊ नये. मलाही तो आठवला.

या ग्रहणाच्या वेळचा महाराष्ट्र आकाश पाहण्याच्या मनःस्थितीत होता का, हा प्रश्न उरतोच. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत पोळून निघाला होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता, रँडच्या खुनाला सात महिने झाले होते. मृगशीर्षाच्या आधारे वेदांचा काळ ठरवणारे 'ओरायन' १८९३ साली लिहिणारे टिळक त्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे ते अखेरचे वर्ष. त्यांचा तो ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला होता; आपल्याकडच्या ग्रहगणिताचा असा सांगोपांग इतिहास मराठीत लिहिला गेला, याचा अभिमान आपण मराठीचे अध्यापकसुद्धा पुरेसा बाळगत नाही. ग्रहणाचे गणित जाणणारी परंपरा आणि ग्रहणाचे छायाचित्र घेणारी नवी विद्या त्या अमावास्येला एकाच भूमीवर होत्या. त्यांना जोडणारा माणूस शोधायचा तर जेऊरच्या नेगमवालांपाशी थांबावे लागते. पुण्याला त्यांनी उभारलेली २० इंची दुर्बीण (ती आरशाची) १९१२ साली वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली. तेव्हा कोडाईकनालचे संचालक होते तळणीला आलेले एव्हरशेड.

तळणीपेक्षा लोकस्मृतीत राहिला तो विजयदुर्ग. लॉकियर यांच्या उपकरणांसाठी बांधलेले 'साहेबाचे ओटे' तिथे आजही दाखवतात आणि १८६८ साली लॉकियरने हेलियमचा शोध इथेच लावला, असे मोठ्या हौसेने सांगतात. वस्तुस्थिती अशी की, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते, लॉकियर इंग्लंडातच होते आणि ती प्रसिद्ध पिवळी रेषा त्यांनी त्या वर्षी ऑक्टोबरात, ग्रहणाविना, इंग्लंडातून पाहिली. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनंतर. म्हणजे १८९८ चे ओटे १८६८ च्या कथेला जोडले गेले. ही कथा खोडून काढण्यात मला आनंद नाही. किल्ला, समुद्र आणि साहेब एकत्र आल्यावर आख्यायिका होणारच. तळणीला यांतले काहीच नव्हते. एक रूळ, एक माळ, नोकरी गेलेली एक बाई आणि दीड इंचाचे भिंग.

पुढच्या महिन्यात कामानिमित्त बडनेऱ्याला जाणे झाले. पुलगावचा पूल ओलांडल्यावर मी खिडकीशी सरकून बसलो. पाटी दिसली आणि गेली.

घरी आल्यावर लेकीला ही हकीकत सांगितली. तिचा पहिला प्रश्न सूर्याकडे आपल्या दुर्बिणीतून पाहता येईल का, हा होता. वस्तुभिंगावर योग्य गाळणी असल्याशिवाय क्षणभरही नाही, असे मी तिला दोनदा बजावले. दुसरा प्रश्न, भारतातून खग्रास ग्रहण पुन्हा केव्हा दिसेल? २० मार्च २०३४, आणि तेही काश्मीर-लडाखच्या बाजूला, नागपुरातून खंडग्रासच. तिने ती तारीख दुर्बिणीच्या खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूने लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली कंसात 'दीड इंच'.