सूर थांबवणारी लोकर

धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. आमगावच्या आसपास लहानपणापासून ही नाटके पाहत आलो, पण नजर कायम नटांवर. ऑर्गनवर बसलेल्या मास्तरांकडे लक्ष गेले ते एका रात्री, त्यांनी हात उचलल्यावरही पंचम बारीक आवाजात वाजतच राहिला तेव्हा. नायिका करुण भाषण करत होती आणि खालून तो सूर कण्हत होता. लोक हसले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पेटी उघडली. पट्टी दाबली की मागची झडप भोकावरून उचलते आणि हवा पितळी पत्तीतून वाहते. पट्टी सोडली की स्प्रिंग झडप पुन्हा भोकावर दाबते. झडपेच्या पोटाला फेल्ट, त्यावर मऊ चामडे. पंचमाचे फेल्ट कसरीने खाल्ले होते.

फेल्ट म्हणजे न विणता दाबून जमवलेली लोकर. बुरणूस पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. ऑर्गनच्या घराण्यातली हार्मोनियम पॅरिसच्या दबाँने १८४० च्या दशकात पेटंट केली. पियानो त्याहून जुना, १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीचा. दोघांची अडचण मात्र उलटी. पेटीची हवा तोडली की सूर संपतो. तार एकदा छेडली की घुमतच राहते. म्हणून पियानोत तारेवर येऊन बसणारे डँपर लागतात. अगदी वरच्या तारांना ते नसतात, त्यांचा नाद आपोआप विरतो. ग्रँड पियानोत डँपर स्वतःच्या वजनाने खाली येतो. खर्जातल्या जोडतारांमध्ये त्याचे पाचरीसारखे फेल्ट शिरते. ते कडक झाले तर तारेवर टेकताना झणझणते. कारागीर सुईने टोचून ते सैल करतो, कसर लागली असेल तर बदलतो, आणि मग खरे किचकट काम: डँपरची तार किंचित वाकवून, पायपट्टी दाबताच सगळे एकदम उचलतील असे जुळवणे.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. फार आनंद झाला. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात नट आहेत, नाटककार आहेत, क्वचित वादकही आहेत. पेटी उघडणारा माणूस मला कुठे भेटला नाही. आता अनेक मंचांवर कीबोर्ड आला आहे; त्याला ना झडप, ना कसर.

मिस्त्रीने काढलेली झडप मी मागून घेतली. तिच्या लाकडावर पेन्सिलीने ‘प’ लिहिलेला आहे. अक्षर मास्तरांचे नाही, मिस्त्रीचेही नाही.