वरून बॅटरी पडतेय, बाजूला व्हा!

अहो, भिंतीला चिकटून चालू नका! वर बघा. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एका पोऱ्यानं गुंडाळलेलं पुडकं खाली सोडलंय. धप्प! तुमच्या बुटांवर धूळ. एक जण धावत येतो, पुडकं फाडतो, आतला निकेलचा मुलामा दिलेला पोलादी डबा उलटापालटा करतो, तारा जोडतो, मीटरचा काटा निरखतो आणि वर हात हलवतो. चालतोय. पुन्हा टाक.

न्यू जर्सीतलं वेस्ट ऑरेंज, थॉमस एडिसन यांचं आवार. 1909 चा उन्हाळा. विजेच्या गाडीची बॅटरी इथे अशी तपासतात.

आत या. काय उकाडा! छताखाली फिरणाऱ्या दांड्यांवरचे चामडी पट्टे सटासट वाजतायत, तापलेल्या तेलाचा वास घामात मिसळलाय, शेजारचा माणूस काहीतरी सांगतोय पण तुम्हाला फक्त त्याचे ओठ दिसतायत. शिशाच्या बॅटरीचा घसा खवखवणारा आम्लाचा वास मात्र नाही. या डब्यांत कॉस्टिक पोटॅशचं पाणी असतं. बोट बुडवू नका. बुडवलंत? बुळबुळीत लागतंय ना? ती तुमची कातडी विरघळतेय. धुवा लवकर! या पाण्यात चिमूटभर लिथियमही आहे बरं का. तुमच्या विजेच्या स्कूटरीतला तो बडा शेठ इथे अजून उमेदवारी करतोय.

आता त्या यंत्राकडे सरका. पेन्सिलीएवढी जाड, भोकंभोकं पाडलेली पोलादी नळी. तिच्यात निकेलची हिरवी पूड घालायची, ठोकायची, वर निकेलचे पापुद्रे, ठोकायचे, परत पूड. एका नळीत असे शेकडो थर. नुसती पूड वीज नीट वाहू देत नाही, पापुद्रे तिला वाट देतात. आणि ते पापुद्रे करायचे कसे? फिरत्या पिंपावर तांब्याचा थर, निकेलचा थर, पुन्हा तांबं, पुन्हा निकेल, असं सव्वाशे वेळा. मग पत्रा सोलायचा, बारीक चौकोन कापायचे, तांबं विरघळवून टाकायचं. उरतं ते इतकं पातळ की फुंकरीनं उडेल. शिंक आली तर तोंड तिकडे करा!

हा सगळा खटाटोप आधीची बॅटरी फसली म्हणून. तिच्यात पापुद्र्यांच्या जागी ग्रॅफाइट होतं. 1903 मध्ये ती गाजावाजा करून बाजारात आली, आणि मग डबे गळू लागले, जोर ओसरू लागला. विक्री बंद करून मंडळी परत या टेबलांशी आली. पाच-सहा वर्षं! माझा तर दुसऱ्याच आठवड्यात धीर सुटला असता.

तो कोपऱ्यातला डागाळलेल्या कोटातला, गालात तंबाखू धरलेला माणूस? तेच एडिसन. कामगार त्यांना पाठीमागे ‘म्हातारा’ म्हणतात. हळू बोलून उपयोग नाही, ऐकू कमी येतं. कानाशी जाऊन ओरडा.

आता बॅटरी रस्त्यावर तपासायला तुम्हाला गाडीवर पाठवलंय. दोन माणसांची, उघडी. स्टिअरिंगच्या चाकाऐवजी ड्रायव्हरच्या हातात दांडा. मुद्दाम खराब रस्ता निवडलाय: खड्डे, चढ, परत खड्डे. सीटखालचे डबे खडखडतात आणि त्यांच्याबरोबर तुमचे दातही. इंजिनाची धडधड नाही, धूर नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या घोड्यांच्या लिदीचा दर्प अगदी निर्भेळ मिळतो. दात घट्ट मिटा, माश्या फार आहेत.

जवळच्या ईगल रॉक टेकडीच्या चढावर वेग उतरतो. गाडी रांगते, मग थांबते. मागून लाकडं भरलेली घोडागाडी येते. गाडीवान टोपी मागे सारतो, घोडा भाड्यानं हवाय का विचारतो आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसतो. ड्रायव्हर त्याच्याकडे बघतही नाही. तो तुमच्या हातात वही देतो: मैल लिहा, व्होल्ट लिहा, चढ लिहा. लिहून झालं? मग खाली उतरा आणि मागून ढकला.