सुरतेची सभा आणि बाबा पदमनजींचे भय

उधना स्थानकावरून फुटणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग जळगावास जातो. याच मार्गाने आलेली पुष्कळ खानदेशी कुटुंबे उधना, पांडेसरा, लिंबायत येथे यंत्रमागांच्या आधाराने वसली आहेत. गाव सुटते, पण भावकी व सोयरीक सुटत नाही. म्हणूनच ख्रिस्ताविषयी मनापासून आस्था बाळगणारा मनुष्यही पुढचे पाऊल टाकताना गावाकडे वळून पाहतो. हे भय नवे नाही. उधना आज ज्या सुरत शहराचा भाग आहे, तेथूनच त्याच्या एका प्रकरणाचा आरंभ होतो.

इ. स. १८४४ च्या जून महिन्यात सुरतेस दुर्गाराम मेहताजी, दादोबा पांडुरंग व त्यांचे स्नेही यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबा म्हणजे १८३६ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे विद्वान गृहस्थ. सुरतेची सभा उघड चर्चा करीत असे. परंतु दादोबा मुंबईस आल्यावर १८४९ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेने जी परमहंस सभा उभी राहिली, ती मात्र गुप्त होती. जातिभेद आम्ही मानीत नाही, असे सभासद आत म्हणत आणि त्याची खूण म्हणून ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खात. बाहेर पडताच जातीचे नियम पूर्ववत पाळीत. संख्या वाढली म्हणजे प्रकट व्हावे, असा त्यांचा विचार होता. ती वेळ आलीच नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे फुटण्याच्या धास्तीनेच सभा विखुरली. दादोबांचा ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथही १८६८ साली छापला गेला तो त्यांच्या नावावाचून.

या मंडळींची थट्टा करणे सोपे आहे; आम्हांस ते उचित वाटत नाही. बहिष्कार म्हणजे पंक्ती बंद, मुलीचे लग्न बंद, प्रेतास खांदा देणारा कोणी नाही. हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

याच सभेत एक तरुण होता, बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगाव. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र पुढे निघाले. आमचे उपदेशक त्यातील बाप्तिस्म्याचा प्रसंग आवडीने सांगतात आणि त्यापूर्वीचा दीर्घ काळ गाळतात. वास्तविक मोल त्या काळाचेच अधिक आहे. बुद्धीस ख्रिस्ताचे सत्य पटले होते, तरी आईबाप, पत्नी व जात यांच्या विचाराने पाय मागे येत होता. १८५४ साली बेळगावास त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते भय निराधार ठरले असे कोणी समजू नये. संसार मोडला; पत्नीचा वियोग घडला. जे हिरावले जाईल म्हणून ते भीत होते, त्यातील पुष्कळसे खरोखरच हिरावले गेले.

मग पालटले काय? परमहंस सभेने सभासदांकडे मत मागितले. ख्रिस्ताने पदमनजींकडे स्वतः त्यांनाच मागितले. मत लपवून ठेवता येते, मनुष्य येत नाही. सभेत कोणी काही गमावले नाही, म्हणून नवे घरही कोणास लाभले नाही. पदमनजींना मंडळी लाभली. आणखी असे की, भयातून गेलेल्या त्यांच्या दृष्टीस दुसऱ्यांचे भय दिसू लागले: बाप्तिस्म्यानंतर तीन वर्षांनी, १८५७ साली, त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांची दुःखे मराठी वाचकांपुढे मांडली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात, विश्वास असूनही सभास्थानाबाहेर घालवले जाऊ या भीतीने गप्प राहिलेले अधिकारी आढळतात. योहान त्यांना दोष देतो. पण रात्री आलेल्या निकदेमाला तो सोडून देत नाही. थेट प्रभूच्या प्रेताला लावण्याची सुगंधी द्रव्ये घेऊन येईपर्यंत त्याची वाट पाहतो. उधन्याच्या चाळींत प्रार्थनेस येऊन शेवटच्या रांगेत बसणाऱ्या व गावचे कोणी दिसताच उठून जाणाऱ्या मनुष्याशी आमचे पाळक कसे वागतात? ‘बाप्तिस्मा केव्हा?’ हा प्रश्न त्यास पुष्कळांनी विचारलेला असतो. त्याच्या घरी मरण घडले तर खांदा द्यायला कोण येईल आणि मुलीच्या लग्नात कोण उभे राहील, याचे उत्तर मंडळीने त्यास अद्याप दिलेले नसते.