डोंगरी मुलखांतील घर, परसूं व गांवकी

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें शोधीत संशोधक सह्याद्रीच्या खोऱ्याखोऱ्यांतून हिंडले. देशमुख-कुळकर्ण्यांच्या घरचे रुमाल सोडून त्यांनीं सनदा, महजर व निवाडे उजेडांत आणिले, याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. परंतु ज्या माळ्यावर ते रुमाल होते तो माळा, ज्या घराचा तो माळा तें घर, आणि त्या घरामागील परसूं यांजकडे साधन या दृष्टीनें फारसें लक्ष गेलें नाहीं. घर व परसूं हा केवळ बायकामाणसांचा विषय, राज्यकारभाराशीं त्याचा काय संबंध, अशी आपली समजूत. ती बरोबर नाहीं, हें प्रसिद्ध असलेल्या तीन कागदांच्या आधारें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम घर पाहूं. मावळांतील काय किंवा घाटाखालील काय, डोंगरांतल्या साध्या कुणब्याचें जुनें घर म्हणजे शेणमातीनें लिंपलेला कारवीचा कूड व त्यावर गवताचें छप्पर. ओटी, माजघर व गोठा बहुधा एकाच छपराखालीं. चुलीच्या वर माळा; बियाण्याला धूर लागून कीड पडूं नये म्हणून तें तेथें ठेवावयाचें. दाणा कणगींत. ज्येष्ठांत एकदां पाऊस लागला म्हणजे ओढे-नाले भरून वाटा बंद होतात. म्हणून सरपण, शेणी, वैरण व मीठ यांची बेगमी त्यापूर्वींच करावी लागे. गडावर दारूगोळ्याची व धान्याची तजवीज असावी, तशी चार महिन्यांची तजवीज या घरांत असे. मात्र गडाला दगडी तट असतो; येथें सर्व गवत व लांकूड. एक ठिणगी पडली कीं वर्षाचें पोट जळून जाई.

घरामागें परसूं. अमरकोशांत घराजवळच्या बागेला ‘निष्कुट’ असा शब्द आहे. संस्कृत काव्यांतील गृहोद्यान विलासाचें स्थान असतें. डोंगरांतलें परसूं पोटाचें साधन आहे. मृगाच्या सुमारास भोपळा, पडवळ, दोडका, काकडी यांच्या बिया टोंचावयाच्या. वेल मांडवावर नाहीं तर छपरावर चढवावयाचे. मोरीच्या पाण्यावर अळू व केळ. श्रावण-भाद्रपदांत कणगीचा तळ दिसूं लागतो आणि नाचणी-वरी अजून शेतांत हिरवी असते. त्या दिवसांत परसांतील भाजीवर घर निभावे. परसाच्या कडेला फणस व आंबा. वेलाचें फळ लावणाराच्या हातीं दोन महिन्यांत येतें. फणसाचें येण्यास वर्षें लागतात.

परंतु घर व परसूं यांवर एकट्या कुटुंबाचा संसार चालत नसे. डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून भाजलेल्या जमिनींत रोप करावयाचें, यास राब म्हणतात. हा राब रानावांचून होत नाहीं, आणि लावणी माणसांवांचून होत नाहीं. पाऊस थांबत नाहीं, रोप वाट पाहत नाहीं, मजुरी देण्यास पैसा नाहीं, म्हणून सावड. आज याच्या खाचरांत सर्वांनीं उतरावयाचें, उद्यां त्याच्या. घेतलेला दिवस दिवसानेंच फेडावयाचा. घर शाकारावयाचें तरी शेजाऱ्यांचे हात लागत. आणि गांवाच्या शिवेंत देवराई असे, जिची काटकी तोडण्याचीहि कोणाची छाती नव्हती. राबाचें रान सर्वांनीं तोडावयाचें, देवराईचें कोणींच तोडावयाचें नाहीं, या दोन नियमांवर गांवकी उभी होती.

आतां कागद पाहूं. पहिला इ. स. १६७३ च्या मे महिन्यांतील, चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवाजी महाराजांनीं लिहिलेला. दाणा-वैरण आतांच मनास मानेल तशी उधळली तर पावसाळ्यांत जनावरें मरतील; मग लष्करचे लोक कुणब्यांच्या घरीं जाऊन कोणी दाणा, कोणी गवत, कोणी भाजी आणूं लागतील, आणि रयतेला मोंगल बरे वाटूं लागतील, असा त्याचा आशय आहे. रात्रीं दिवा जळत राहिला आणि उंदरानें वात पळविली तर गवताला आग लागेल, इतकी बारीक सूचनाहि त्यांत आहे. वरील घराचें वर्णन लक्षांत ठेवून हें पत्र वाचावें. तें लिहविणाराला गवताच्या छपराखालचें जिणें पूर्ण ठाऊक होतें.

दुसरा कागद इ. स. १६७६ चा, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास. रयतेच्या भाजीच्या देंठालाहि अभिलाष धरूं नये, अशी त्यांत ताकीद आहे. हा देंठ पुष्कळ व्याख्यानांत अलंकारासारखा वापरला जातो. माझ्या मतें तो अलंकार नव्हे. ज्या मुलखांत भाद्रपदांतलें जेवण परसांतून येतें तेथें भाजी उपटणें म्हणजे कणगी लुटणें होय. त्याच पत्रांत, ज्याजवळ माणूसबळ आहे पण बैल व दाणा नाहीं त्यास तीं पुरवावीं, असेंहि सांगितलें आहे.

तिसरा कागद रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र, इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचें. आरमाराला लांकूड पाहिजे, आंबा-फणसाचें लांकूड कामाचेंहि आहे. तरी त्यांस हात लावूं नये, कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होणारीं झाडें नव्हत, रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं आहेत. फार जुनें झालेलें झाड असेल तर धन्याला राजी करून व मोल देऊन तोडावें, असें अमात्य सांगतात. मी एका खोऱ्यांत शिक्षक असतां एका वृद्ध बाईनें परसांतला फणस दाखवून म्हटलें होतें, “गुरुजी, हा मामंजींनीं लावला. त्यांनीं याचा गरा खाल्ला नाहीं, आम्हीं खाल्ला.” आज्ञापत्रांतील तें कलम मी अनेक वेळां शिकविलें होतें, तें मला समजलें त्या दिवशीं.

तिन्ही कागदांत मिळून एकच तत्त्व आहे: राज्याची सत्ता परसाच्या कुंपणाशीं थांबली पाहिजे. पुढें हें धोरण राहिलें नाहीं. इ. स. १८७८ च्या वनकायद्यानंतर रानांतील डहाळीवर निर्बंध बसले, आणि ठाणें-कुलाब्याकडील तक्रारींच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारास इ. स. १८८५ मध्यें कमिशन नेमावें लागलें. इ. स. १९२१ मध्यें मुळशी पेट्यांतील मावळे सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं धरणाविरुद्ध उभे राहिले. तरी धरण झालें. जमिनीचें मोल ठरवितां येतें. सावडीचें मोल कोणत्या खात्यांत मांडावयाचें?

आज खोऱ्यांतून छपरांवर पत्रे आले आहेत, आणि कित्येक घरांचीं कुलुपें शिमग्याला व गणपतीलाच निघतात. ज्यांस कणगी, राब, सावड हे शब्द अनुभवानें ठाऊक आहेत अशीं माणसें थोडीं उरलीं. तेव्हां वाचकांस विनंती कीं, रुमाल शोधावयास जाल तेव्हां घराच्या खणांचीं नांवें, परसांतील झाडें व तीं कोणीं लावलीं, आणि सावडीला कोण कोणाकडे जाई, हेंहि टिपून आणावें. रुमाल कोठें तरी टिकेल. ही माहिती सांगणारीं माणसें टिकणार नाहींत.